कुडाबाहेरची मावशी

प्रिय बारकी मावशी,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच. तरी लिहिते आहे, कारण घरात कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही. माझ्या लेकीचं, चैतीचं लग्न परवावर आलंय. भिंतीवर देवीचा चौक, लग्नाचं चित्र, लिहायला शेजारच्या बाया येणार आहेत आणि मला आधीच सांगून ठेवलंय, "रुपे, तू भायेर ऱ्हा."

का? तर गेल्या पावसाळ्यात माझा नवरा तापाने गेला!

मावसा गेल्यावर तुलाही असंच बाहेर काढलं होतं ना? तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून तू ओढलेली रेघ कधी पुसावी लागली नाही. आणि माझ्या लग्नात तू कुठे होतीस? अंगणात! कारवीच्या कुडावरचं शेण बोटाने खरवडून भोक पाडलंस आणि तिथून आतल्या बायांना सांगत राहिलीस, "झाडाचा शेंडा वर ने गं... घोड्याची मान आखूड झाली." चौक पुरा झाल्यावर ते भोकही तूच लिंपलंस. आत का नाही आलीस, मी विचारलं तर म्हणालीस, "नको पोरी, तुजा चांगला होवं दे."

झालं का चांगलं? तुझा हात लागला नाही, तरी माझा नवरा गेलाच. मग बाहेर राहून तू काय वाचवलंस? मला फार राग येतो गं तुझा. एकदा तरी आत का शिरली नाहीस?

बा जव्हारला राजाच्या दरबारात शिपाई, म्हणून मी शाळेत चार अक्षरं शिकले. तेव्हापासून बाया म्हणायच्या, पोरीने लिहिलं की नवरा मरतो. आता त्या माना डोलावतात. तू तर अक्षराला कधी शिवली नाहीस. मग मावसा कसा गेला?

देवी बाई. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच. आणि आपल्याला बाहेर काढणाऱ्या? त्याही बायाच! नवरा गेला म्हणून हात मरतो का?

कंटाळले मी. आज चैतीला विचारलं, "मी लिहिलेला चौक चालेल तुला?" पोर घाबरली. मग तिनेच एक काडी घेतली, टोक चावून मऊ केलं आणि माझ्या हातात दिली.

मावशी, परवा मी आत बसणार. कुणी उठून गेल्या तर जाऊ देत. कुडाला भोक पाडणार नाही. दार उघडं ठेवते, तू सरळ आत ये.

तुझीच,
रुपी