रोजच्या वेशात

तांडा, बोरी अरबजवळ
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरभी,

तुझी खूप खूप आठवण येते. तुझ्या आईंना, मैनाकाकूंना नमस्कार. त्या सध्या तुझ्याकडेच आहेत असं आपला कॉलेजातला अतुल म्हणाला. त्यांच्या गुडघ्यांना पुण्याची थंडी मानवते का?

इकडे सगळे बरे आहेत. तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. बापूंचा खोकला तसाच. मी अजून बोरीच्या ऑनलाइन केंद्रावर बसते, दिवसभर लोकांचे अर्ज भरते आणि घरी येऊन स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपते.

हे पत्र अतुलच्या हाती देते आहे, तो उद्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघतोय. तू हसशील की ही अंजू आता पत्रं लिहायला लागली. पण मी दोनदा फोन केला होता. एकदा तू मीटिंगमध्ये होतीस. दुसऱ्यांदा मी म्हटलं की फोटोबद्दल बोलायचंय, आणि तू इतकं भरभरून अभिनंदन करायला लागलीस की पुढचं तोंडातून निघालंच नाही. मेसेज केला तर निम्म्यातच तू ‘अगं जाऊ दे ना’ टाकशील. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुझा कॅमेरा नीट आहे. सेन्सरवर एक ठिपका बसलाय, आकाश आलं की उजव्या कोपऱ्यात दिसतो. ब्लोअरनं उडवून पाहिला, हलत नाही. कापसाच्या दिवसांत इथे उघड्यावर लेन्स बदलणं म्हणजे तंतू आत बोलावणंच, म्हणून तू दिलेली फिफ्टीची लेन्स चढवून ठेवली आहे ती काढतच नाही.

ग्रुपबद्दल मात्र मला तुझ्याशी भांडायचं आहे. ‘यवतमाळ छायाछंद’मध्ये तू मला घातलंस तेव्हा म्हणाली होतीस, इथे शिकायला मिळेल. दीड वर्षात मी काय शिकले ते सांगू? कुणी बगळ्याचा फोटो टाकला की एकवीस जण ‘सुपर्ब कॅप्चर’ लिहितात. मग बँकेतले एक सर विचारतात, कुठली लेन्स? मग दोन दिवस फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर, हाच वाद. बगळा तोवर उडून गेलेला असतो. मी टाकलेल्या पहिल्या फोटोवर एकाच माणसानं उत्तर दिलं होतं: “किट लेन्स सोडा ताई, त्याशिवाय मजा नाही.” मी तेव्हा केंद्रावर बसून दुसऱ्यांच्या विहिरीचे अर्ज भरत होते. कॅमेऱ्यासोबत आलेली ती किट लेन्स सोडून काय धरायचं होतं मी?

आणि लालीबाईचा फोटो ग्रुपच्या स्पर्धेत लागला तेव्हाही तेच. त्रेसष्ट मेसेज, मी मोजले. डावा डोळा शार्प आहे, उजवा जरासा सॉफ्ट. एक पॉइंट आठला काढायला नको होता, दोन पॉइंट आठ हवं होतं. आयएसओ कमी चालला असता. आर्णीच्या एका डॉक्टरांनी लिहिलं, “तुम्ही नशीबवान, तुमच्या तांड्यावर तर रोजच हे दिसत असेल.” त्रेसष्टांत एकानंही विचारलं नाही की ही बाई कोण, आणि तिनं हे आज का घातलंय.

विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी महिनाभर म्हणते आहे. पण हे म्हणणंही लबाडीचंच आहे. त्यांना कुठून माहीत असणार? मला माहीत होतं.

आता सांगते.

लालीबाई आमच्या शेजारची, नात्यानं माझी काकी. मी बी.एस्सी. झाले तेव्हा तांड्यावर पेढे वाटत फिरली होती ती हीच. डिसेंबरात एका सकाळी मी तिच्या अंगणात कॅमेरा घेऊन गेले. चुलीचा धूर होता, ऊन तिरपं येत होतं, सावलीची बाजू उजळायला मी फवारणीच्या औषधाच्या खोक्यातला थर्माकोल धरून ठेवला होता. सगळं जमलं होतं, तरी फोटो मरगळलेला येत होता. फेटिया-कांचळीचे, म्हणजे आमच्या घागरा-चोळीचे, रंग छान होते, पण चेहऱ्याच्या बाजूला काहीच नव्हतं. मला गालाजवळ चमक हवी होती. आणि खाली, दंडापाशी, पांढरं काहीतरी.

तुला माहीत नसेल. आमच्या बंजाऱ्यांत लग्न झालेल्या बाईच्या केसांत घुगरी असते, चांदीची, दोन्ही गालांवर लोंबणारी. दंडावर खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा असतो. नवरा गेला की हे उतरतं. पुन्हा चढत नाही. रामलालकाका जाऊन सहा वर्षं झाली.

मी म्हटलं, “काकी, पेटीतली घुगरी घाल ना. फोटोपुरती. चुडाही.”

तिनं फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, “छोरी, पागल झाली का तू?” आम्ही गोर बोलीत बोलतो, मी तुझ्यासाठी मराठीत लिहिते.

“फोटोपुरतं गं. कोण पाहते?”

सुरभी, हे मी बोलले. कोण पाहते, असं. आणि तोच फोटो स्पर्धेला पाठवला.

स्पर्धेत ‘सहज क्षण’ विभाग होता. नियम होता की विषयाला उभं करायचं नाही, सजवायचं नाही, काही मांडायचं नाही, आणि तसं खाली लिहून द्यायचं. ‘पोर्ट्रेट’ विभागात पाठवला असता तर काही प्रश्न नव्हता. पण तिथे त्या बँकेतल्या सरांचे महागड्या लेन्सचे फोटो होते, आणि ‘सहज’मध्ये पहिल्याला ८५ची लेन्स मिळणार होती. म्हणून मी लिहिलं: “सकाळ. बोरी अरबजवळच्या तांड्यावरील लालीबाई, रोजच्या वेशात. कोणतीही मांडणी नाही. छायाचित्र: अंजू राठोड.”

पहिला नंबर आला. बापूंनी फोटो, ओळ, सगळं आपल्या स्टेटसला ठेवलं. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, पण माझं नाव ते लगेच ओळखतात. दुसऱ्या दिवशी तो फोटो तांड्यावरच्या प्रत्येक फोनमध्ये होता आणि तिसऱ्या दिवशी वणीला.

वणीला लालीबाईचा मुलगा असतो, प्रेमभाऊ. कोळशाचा ट्रक चालवतो. त्याच्या मुलीची सगाई येत्या रविवारी आहे. पेटीतली ती घुगरी लालीबाईनं या नातीसाठीच जपून ठेवली होती.

हापशीवर बायका तिला म्हणाल्या, “काहून लालीबाई, आज रोजचा वेश नाही का घातला?” ती पाण्याची घागर तशीच ठेवून घरी आली. एकीनं तर तिच्या घरात वाकून पाहिलं, कोणी नवा माणूस आहे का म्हणून.

प्रेमभाऊनं आधी मला फोन केला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तो म्हणाला, “अंजू, मायनं हे कायले घातलं? तू घालाले लावलं का?”

मी म्हटलं, “मी फक्त फोटो काढला, प्रेमभाऊ. काकीनं घातलं होतं.”

यातलं वाक्य न् वाक्य खरं आहे. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात त्या लेन्सचा डबा होता. त्याच संध्याकाळी त्यानं लालीबाईला कळवलं, सगाईला येऊ नको.

त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. तिनं फक्त आमच्या अंगणातून जायचं सोडलं, मागच्या नाल्याकडून वळसा घालून शेतात जाते. पंधरा दिवस मी ते केंद्रावर जाताना पाहत होते.

शेवटी परवा मी प्रेमभाऊला फोन करून सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, झालं, सुटलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला:

“मग तू तेव्हा काहून नाही बोलली?”

“भ्यायले.”

“अन् ते ‘रोजच्या वेशात’ कोणं लिहिलं?”

“मीच.”

“आता कोणतं खरं धरू म्या? आमचे अर्ज तू भरतं. तू लिहून देतं तिथं आमी आंगठा मारतो. तुह्यावाल्या लिहिण्यावर तांडा चालून राह्यला, अन् तू म्हणतं ते खोटं होतं? आज मायची कीव आली म्हणून बोलत असशीन, कोणाले माहीत.” मग म्हणाला, “जिथं लिहिलं तिथं लिह्य. चार लोकांत. मंग पाहू.”

मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते मी काल केलं. ग्रुपवर लिहिलं की तो फोटो मांडलेला आहे, ओळ खोटी आहे, बक्षीस परत घ्या.

चार मिनिटांत मेसेज गायब. गोपालदादानं काढून टाकला. तुझा सख्खा भाऊ आहे म्हणून जपून लिहिते, पण मला त्याचा फार राग आलाय. मी फोन केला तर म्हणाला, “अंजू, कायले डोक्याले ताप करून घेतं? ग्रुपवर समाजाबिमाजाचे विषय नको. शुक्रवारी प्रदर्शन आहे.”

“दादा, विषय समाजाचा नाही. मी खोटं लिहिलंय.”

“अवं, थोडंफार सारेच करतात. त्या डॉक्टरनं घुबडाले उंदीर बांधून फोटो काढला, कोणी काही म्हटलं?”

“मग निदान प्रदर्शनातलं कार्ड बदला.”

“छापून झालं. अन् कार्ड वाचते कोण? लोक येतात, सेल्फी काढतात, चहा पितात, जातात.”

“आमच्या तांड्यावर वाचतात, दादा.”

यावर तो हसला. वाईट मनानं नाही, तू त्याला ओळखतेस. म्हणाला, “तुह्यासारख्या पोरींनं पुढं यावं म्हणून तं एवढं करून राह्यलो आमी, अन् तू मागं चालली.” आणि काल रात्रीपासून ग्रुपची सेटिंग बदलली आहे. आता तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. अ‍ॅडमिन दोनच आहेत, तो आणि तू.

म्हणून हे पत्र.

मी चांगलं काम करायला निघाले होते गं. आमच्या बायकांचे फोटो बाहेरचे लोक येऊन काढतात, नाव न लिहिता नेतात, ते मला बदलायचं होतं. निदान मी नाव लिहीन, खरं लिहीन, असं मी तुलाच कॉलेजच्या कट्ट्यावर सांगितलं होतं. नाव लिहिलं. ते नाव लिहिल्यामुळेच ती सापडली. बाहेरच्यांच्या फोटोत ती कुणीतरी एक बाई राहिली असती आणि सुखानं सगाईला गेली असती. हे मनात आलं की मला कॅमेरा उचलवत नाही.

तुझ्याकरवी ग्रुपवर टाकायचा मजकूर मी काल रात्री लिहून काढला आणि आज सकाळी धीर करून लालीबाईला वाचून दाखवायला गेले. पहिल्यांदा लिहिलं होतं ते असं: “त्यांची इच्छा नसताना मी त्यांना दागिने घालायला लावले. सर्व दोष माझा आहे.” मला वाटलं, यानं तिच्यावरचा बट्टा पुरता पुसला जाईल.

ती तुरीच्या शेंगा निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “हे बी खोटंच लिहिलं तू.”

“काय खोटं आहे, काकी?”

“मी काय बकरी आहे, तू ओढली अन् मी आली? तू म्हटलं, हे खरं. मी नाही म्हटलं, हे बी खरं. मंग तू थर्माकोल ठेवाले गेली, तवा मी पेटी उघडली. मले कोणं धरून नाही नेलं.” शेंगा निवडत निवडतच पुढे म्हणाली, “घालून पाह्यलं. चांगलं वाटलं. तुह्या त्या कॅमेऱ्याच्या डब्ब्यात मी माह्यं तोंड पाह्यलं न, तवा अजून एक काढ म्हटलं होतं. आठवते?”

आठवलं. ती म्हणाली होती. मी तो दुसराच फोटो पाठवला.

मी म्हटलं, “काकी, हे लिहिलं तर प्रेमभाऊ बोलावणार नाही. तांड्यावरही बोलतील.”

“बोलतीन. आतालोक काय आरती करून राह्यले?”

“सगाई चुकेल तुझी.”

तिचे हात थांबले.  मला वाटलं, आता म्हणेल, बरं, तुझंच राहू दे. पण ती म्हणाली, “चुकली तं चुकन. पोरगी माही नात आहे, एका दिवसाची थोडी आहे. पण जबरदस्तीनं घातलं असं सांगून मी तिथं जाऊन बसू, अन् जल्मभर ते खरं धरून चालू? नाही. दोनी लिह्य. नाही तं काहीच लिहू नको.”

मी वाद घातला, सुरभी. खूप घातला. मी तिला समजावत होते की लोकांना एवढं कळत नाही, त्यांना एक काहीतरी लागतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी गोपालदादासारखी बोलते आहे. मग मी पेन काढलं.

तर आता मजकूर असा आहे. तू तो गुरुवारी ग्रुपवर टाक, आणि गोपालदादाला सांगून फोटोखालचं कार्ड काढून हाच मजकूर तिथे लाव. फोटोच काढून टाकायचा असेल तर लालीबाईची हरकत नाही, माझीही नाही. दादा माझ्याकडून लेन्स घेणार नाही, म्हणून ती मी अतुलकडे दिली आहे, तू ती दादाला परत कर.

“या फोटोला ‘सहज क्षण’ म्हणून मी पाठवलं, ते खोटं होतं. लालीबाईंचे पती सहा वर्षांपूर्वी वारले. त्या हे दागिने घालत नाहीत. मला फोटोत चमक हवी होती म्हणून मी त्यांना घालायला सांगितले. त्यांनी ते स्वतःच्या हातांनी घातले आणि त्यांना ते घालून बरं वाटलं, हे त्यांनी मला लिहायला सांगितलं आहे. ‘रोजच्या वेशात’ ही ओळ मात्र पूर्णपणे माझी आहे.”

‘बरं वाटलं’ काढून टाकावं असं तुला वाटेल. मला आत्ता लिहितानाही वाटतंय. काढू नकोस. प्रेमभाऊ ते वाचून काय करेल ते मला माहीत नाही. मी उद्या तोच कागद तांड्याच्या प्रमुखांच्या, नायकांच्या ओट्यावर वाचून दाखवणार आहे, बापूंना शेजारी बसवून. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आज रात्री सांगेन.

तू यावर मला काही पाठवू नकोस, ना हात जोडलेलं चिन्ह, ना धीर. फक्त टाक. खाली नुसतं ‘अंजू’ नको. पूर्ण लिही, अर्जावर लिहितात तसं.

अंजू देवीलाल राठोड
रा. तांडा, बोरी अरब
वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून तो खरा आहे.