एका पालकाची एकतीस मुलं

२ जून, मंगळवार

आमच्या गेममध्ये आज माझी पालक-संमतीची स्क्रीन सुरू झाली. मुलाने खातं उघडलं की घरातल्या मोठ्या माणसाने कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे. त्याशिवाय माइक, फोटो, लोकेशन सगळं बंद. ऑफिसातला टेस्टर म्हणाला, मुलं लबाड असतात. मी म्हटलं, गणित लबाड नसतं. (वाक्य चांगलं झालं. पुन्हा वापरावं.)

ताई दहा दिवस कामासाठी बाहेरगावी. तिची नऊ वर्षांची चिमणी माझ्याकडे आणि आईकडे. संकल्प: तिला डेटा म्हणजे काय ते शिकवायचं. रोज पंधरा मिनिटं.

४ जून

पंधरा मिनिटं जमली नाहीत. उद्या तीस.

रिपोर्टमध्ये एकाच बाईने एकतीस मुलांना संमती दिलेली दिसते. टेस्टर कपाळाला हात लावून बसला. मी सांगितलं, पाळणाघर असेल.

७ जून

पाळणाघर आमच्याच हॉलमध्ये आहे. ती बाई म्हणजे माझी आई.

आईचं म्हणणं, बिल्डिंगमधली पोरं फोन घेऊन टीव्हीसमोर येतात, आजी इकडे बघ म्हणतात, ती बघते. मिचकाव म्हणतात, ती मिचकावते. मी म्हटलं, त्यातली तीस आपली नाहीत. तर म्हणाली, नसू देत, पण माझ्याकडे बघून बोलतात तरी. तू शेवटचं कधी बघितलंस?

तांत्रिकदृष्ट्या सिस्टिम बरोबर चालली. चेहरा मोठ्या माणसाचाच होता.

८ जून

चिमणीचं खातं उघडून बघितलं. फोटो शाळेच्या गणवेशातला. खाली लोकेशन. ‘वाघोबा’ नावाचा कुणीतरी तिच्याशी रोज बोलतो. काल त्याने विचारलं, शाळेतून घरी कोण नेतं? हिने सांगितलं, आजी, पण तिला नीट दिसत नाही.

फोन काढून घेतला. शाळेत फोन करून बजावलं, चिमणीला फक्त मीच नेणार. आमच्याच तक्रार विभागाला कळवलं. उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.

फोटो आणि पत्ता अजून जगाला दिसतोय. उद्या खातंच पुसून टाकते. पाच मिनिटांचं काम.

९ जून

पाच मिनिटांचं नाही. ज्याने संमती दिली त्याच्याच चेहऱ्याने खातं पुसलं जातं. ऑफिसातल्या कुणालाही, अगदी साहेबांनाही, ते जमू नये हा हट्ट माझाच. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या. आज साहेबांच्या हातापाया पडले. म्हणाले, नियम तुझा, निस्तर तूच.

हरकत नाही. आई आहेच. फक्त आज सकाळी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

१० जून, सकाळी

आईच्या एका डोळ्यावर पट्टी. स्क्रीन म्हणते, चेहरा जुळत नाही. आईला म्हटलं, मिचकाव. म्हणाली, उरलाय एक, तोही मिटू म्हणतेस?

पट्टीवर पेनने डोळा काढला. सिस्टिम फसली नाही. क्षणभर अभिमान वाटला.

तिसऱ्यांदाही नकार. आता आईच्या चेहऱ्याला महिनाभर कुलूप. हेही मीच केलंय.

ताईचा फोन. चिमणी ठीक आहे ना? मी म्हटलं, एकदम सुरक्षित. परवा येतेय ती.

१० जून, दुपारी

मार्ग सापडला! पालकाचा चेहरा चालला नाही, तर मूल स्वतःच्या पिनने खातं पुसू शकतं. हे कलम मीच घातलं होतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. पिन चिमणी कुणाला सांगत नाही. बरोबरच आहे. शाळेतून आणली की फोन तिच्या हातात देते. समजूतदार पोर आहे, नीट समजावलं की ऐकेल.

१० जून, संध्याकाळी

नीट समजावलं. पूर्ण तीस मिनिटं. चिमणीने शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, फोन घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

दारावर थापा मारतेय. आई म्हणते, ओरडू नकोस, घाबरेल ती. मी ओरडत नाहीये.

आतून आवाज आला, मावशी, थांब ना जरा. वाघोबाला विचारून सांगते.