डाव्या हातावरचं वजन

९ नोव्हें., रवि.
रेंजवर. पालथं पडून साठही गोळ्या मारते, तक्रार नाही. उभ्यानं मात्र चौथ्याच गोळीला डावा खांदा बोंबलला. ऑपरेशनला वर्ष झालं तरी. जिल्हा निवडीचा अर्ज ८ डिसें.पर्यंत. मला खरं आवडतं ते उभ्यानं मारणं. तेच गेलं तर रायफल ठेवायची कशाला, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.
घरी आणून तोलली. पॉइंट टूटू, ४.८ किलो. यातलं किती उतरवता येईल? कायद्यात राहून?

११ नोव्हें., मंगळ.
शाळा सुटल्यावर बंदुकीच्या दुकानात. मालक म्हणाले, "लाकडाचं काय बी करा म्याडम, लोखंडाला हात न्हाय." नळी कापणं, घासणं, नंबराजवळ काही करणं, सगळं बंद. खात्री करायला डी. सी. ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत गेले. परवान्याच्या टेबलावरच्या बाईंनी कानडीत "बॅरल मुट्टबेडी" तीनदा बजावलं, नळीला हात लावू नका म्हणून. मीही तीनदा "आयतु", बरं, म्हटलं. स्पर्धेच्या नियमपुस्तकात वजनाला वरची हद्द आहे, खालची नाही. म्हणजे लाकूड माझं!

१३ नोव्हें., गुरु.
वडगावच्या आप्पांकडे. हे बाबांचे मित्र, हातमागावर आडवा धागा नेणारे लाकडी धोटे करतात. आता गिऱ्हाईक थोडं, पण हात तोच. परवाना माझ्या नावावर, नळी परक्याच्या कारखान्यात ठेवणं बरं नव्हे. म्हणून ती घरी कुलपात, आणि दोन स्क्रू काढून नुसता लाकडी दस्ता नेला.
आप्पा दस्ता वास घेऊन बघत होते. "अक्रोड हाय व्हय गं? लई गुणाचं लाकूड."
"तीनशे ग्रॅम कमी करा. बाहेरून काही दिसायला नको."
"दिसतंय कुठलं!"

२० नोव्हें., गुरु.
दस्ता मिळाला. काम बघून थक्क. मागून पोखरलाय, वर पातळ फळी अशी बसवलीय की सांधा नखाला लागत नाही. आप्पांनी दस्ता दोऱ्याला टांगून दाखवला. एकदम आडवा राहिला, कुठं झुकेना. "मधे तोल न्हाय तर धोटा मागातनं उडून बाईच्या तोंडावर बसतोय. आमी असंच करतो."
घरी जोडली. ४.५! ह्यांना उचलून बघायला लावली. ते म्हणाले, "आता काय, कापूसच."

२३ नोव्हें., रवि.
रेंज. चौथ्या गोळीला खांदा. जसाच्या तसा. तीनशे ग्रॅम गेले कुठं?
निपाणीहून आक्काचा फोन. "सोड की गं ते आता, चव्वेचाळीस झाली की." मी फोन ठेवला. रडू आलं, मग जेवले.

२४ नोव्हें., सोम.
शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा घरी आणला, हेडसरांना विचारून. दस्त्याचं मागचं टोक टेबलावर टेकवलं, डावा हात जिथं असतो तिथं दोरीनं धरून मोजलं. २.९ किलो. आणि सरावाच्या जुन्या वहीत, काम करायच्या आधी कधीतरी असंच मोजून लिहिलेलं? तेही २.९.
आप्पांनी सगळं लाकूड मागून काढलं, कारण नळीशिवायचा दस्ता मागंच जड असतो. धोट्यासारखा मधे तोलला. पण मागचं वजन उजव्या खांद्यावर असतं. डाव्या हाताला ते गेल्याचं कळलंसुद्धा नाही. वीस वर्षं नववीला हाच धडा शिकवते मी. आप्पांना काय बोलणार? नळी न दाखवता दस्ता देणारी मीच.

२९ नोव्हें., शनि.
परत वडगाव. या वेळी पूर्ण रायफल घेऊन, रिकामी, पेटीत, परवाना सोबत. मी समोर बसून राहिले. आप्पांनी एका बोटावर तोलली आणि बोट नळीकडं सरकवत नेलं.
"ही तर फुडं जड हाय."
"हो."
"मला का न्हाय दाखिवलंस गं आदी?"
"भ्याले, आप्पा."
पुढचं लाकूड अरुंद. जास्त काढलं तर चिरेल, आणि असा दस्ता दुसरा मिळणार नाही. आप्पा म्हणाले, आपला हात आता थोडा थरथरतो, पातळ काम तूच कर. कानस माझ्या हातात दिली. दोन तास घासलं. आप्पा दर दहा मिनिटांनी टिचकी मारून आवाज ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बास. ह्याच्या फुडं लाकूड न्हाय, नशीब हाय."

३० नोव्हें., रवि.
डाव्या हाताला २.८. शंभर ग्रॅम! हसावं की काय.

७ डिसें., रवि.
रेंज. उभ्यानं. चौथी गेली, पाचवी गेली. सातवीपर्यंत खांदा गप्प होता. आठवीला हात आपोआप खाली आला. सातातल्या पाच चांगल्या लागल्या. एवढा आनंद वर्षभरात झाला नव्हता, हे लिहायलाच हवं.
स्पर्धेत उभ्यानं वीस मारायच्या असतात.
अर्ज उद्या द्यायचा. पालथ्याच्या रकान्यात नाव पेननं लिहिलं. उभ्याच्या रकान्यातही लिहिलंय, पेन्सिलीनं.