गोरी टरफलं

प्रिय कयल,

मी तुझी अप्पत्ता, तुझ्या बापाची आई. अक्षर तू ओळखलंच असशील. मी सांगते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. मला वाचता येत नाही, तेव्हा मयिलसामी खरोखर काय लिहितो ते तो आणि मारियम्मा देवी जाणे. शेजारच्या टीचरबाईंनी आनंदानं लिहून दिलं असतं, अक्षरही सुरेख आहे त्यांचं. पण हे पत्र मला याच्याच हातून लिहवून घ्यायचं होतं. कापड रंगवायच्या कारखान्याला आज सुट्टी आहे, तुझी आई दनम् माहेरी गेली आहे, आणि मी पोराला ओसरीवर माझ्यासमोर बसवलं आहे. आत्ताच मी एक चांगलं लांब वाक्य सांगितलं, तर याचं पेन जागचं हललंसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतो, लिहिलं की अम्मा सगळं. हा 'सगळं' म्हणाला की काहीतरी राहिलेलं असतं, हे मी तो रांगत होता तेव्हापासून बघते आहे.

फोन का केला नाही म्हणशील. तुमच्या होस्टेलच्या फोनला दोन कान असतात, एक तुझा आणि एक वॉर्डनबाईंचा, असं माझं मत आहे. दनम् म्हणते, तुमची अप्पत्ता देवळातल्या देवावरसुद्धा संशय घेते. देवावर नाही घेत. पुजाऱ्यावर घेते.

घरचं बरं आहे. शेळीला दोन पिलं झाली, एक अगदी तुमच्या प्रोफेसरांसारखं दिसतं, तशीच दाढी. परसामागच्या शेतातल्या राक्कियण्णननं कांद्याचं रोप टाकलंय आणि ते पोरासारखं जपतोय. पोंगल झाल्यावरच्या शुक्रवारी तू आपल्या परसातल्या पिंपाची तोटी सोडणार, कारखान्याचं लाल पाणी टरफलांतून गाळून स्वच्छ होऊन त्याच्या वाफ्यात जाणार आणि तुझे प्रोफेसर नि सगळे कारखानदार उभं राहून बघणार, हे तो बसस्टॉपवर परक्यांनाही सांगत असतो. नोय्यल नदी रंगल्यापासून त्याच्या विहिरीचं पाणी बैलसुद्धा हुंगून सोडून देतो. वाफा का दिलास म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "कयलनं मागितला म्हणून. दुसऱ्या कुणी मागितला असता तर कुत्रं सोडलं असतं." लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस, ते त्याच्या खांद्याच्या लक्षात आहे.

आता पिंपाचं. तू शिकवून गेलीस तसंच चाललं आहे. घाण्यावरची शेंगांची टरफलं कुटून पिंपात भरायची, तुझ्या बापानं मोपेडवरून कॅन भरून कारखान्याचं पाणी आणायचं, वर ओतायचं, खालची तोटी सोडायची आणि शनिवारी बाटली भरून कोइमतूरच्या कंडक्टरकडे द्यायची. पहिला आठवडा पाणी जसं गेलं तसंच खाली आलं, लालभडक. तुझा बाप जेवला नाही. त्यानंतर मात्र एकदम शहाळ्याच्या पाण्यासारखं येऊ लागलं. तुझं पत्र आलं की बाटलीत रंगाचा मागमूस नाही, प्रोफेसरांनी पाठ थोपटली. दनम्‌नं पायसम केलं. मीही खाल्लं, दोनदा घेतलं. पण खाताना मनात आलं, टरफलं पहिल्या आठवड्यात काय झोपली होती?

त्यानंतर माझ्या डाळिंबी साडीची गोष्ट झाली. तोटीखाली बादली सरकवताना पाणी उडालं, आणि वाळल्यावर काठावर पांढरे ठिपके. मी आधी दनम्‌च्या साबणाला बोल लावला, मग साडीच्या दुकानदाराला. दुकानदार शपथ घ्यायला लागला तेव्हा वाटलं, हा माणूस एरवी इतक्या पटकन शपथ घेत नाही. घरी येऊन पिंपाजवळ उकिडवी बसले. वापरलेली टरफलं दनम्‌ला चुलीत घालायची होती, म्हणून मी ती गच्चीवर वाळत घातली, आणि शेजारी घाण्यावरची कोरी ओतली. कयल, वापरलेली जास्त गोरी होती. हळद दळली की हात पिवळा होतो. तुझ्या बापाचे हात बघ, इतकी वर्षं रंगाच्या हौदावर काढली, कोपरापर्यंत निळे आहेत, लग्नातसुद्धा निळेच होते. आणि ही टरफलं दिवसभर लाल पाणी पितात नि न्हाऊन आलेल्या नवरीसारखी उजळून निघतात? रंग टरफलांत नाही, पाण्यात नाही, मग गेला कुठे?

पहिला संशय मालकावर, ईश्वरमूर्तीवर. टरफलांवर भागलं तर त्याला मोठी यंत्रं बसवावी लागणार नाहीत, म्हणून हल्ली तो मला रस्त्यात वाकून नमस्कार करतो. वाटलं, हा मुद्दाम फिकं पाणी देत असेल. आलेल्या कॅनमध्ये मी पांढरी चिंधी बुडवली, ती जास्वंदीसारखी लाल निघाली. तेव्हा या गुन्ह्यातून त्याला मी सोडलं, बाकीच्यांतून नाही. मग दनम्‌वर. तिला ती पोती परसात नकोच आहेत, लाल पाणी ओतून देऊन नळाचं भरत असेल. पण नळाला पाणी येतं ते दनम् स्वतःच्या आईलाही तांब्याभर देताना विचार करते, ती पिंपात ओतेल हे अशक्य. राहिलं कोण? मी, शेळी आणि मोपेडवरून कॅन आणणारा. मयिला, पेन का थांबलं? शाई संपली म्हणतोस? दुसरं पेन खिशात आहे ते दिसतंय मला.

मी याला काही विचारलं नाही. याच्या कपड्यांना ब्लीचिंग पावडरचा वास येतो, पण तो कारखान्यातल्या सगळ्यांच्याच कपड्यांना येतो, त्यावरून कुणाला पकडता येत नाही. मी आपलं माझं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, त्यात कोरी टरफलं आणि कॅनमधलं लाल पाणी घातलं, झाकण ठेवलं, आणि पातेलं शेळीच्या गोठ्यात लपवलं. तिथे तुझा बाप नाक दाबल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. पाणी शहाळ्यासारखं झालं नव्हतं, लाल होतं ते गुलाबी झालं होतं. पण टरफलं अशी रंगली होती, जशी तू पहिल्यांदा विडा खाल्लास तेव्हा तुझी जीभ. धुतली तरी रंग सोडेनात. म्हणजे पितात गं ती. हळू पितात, थोडं पितात, पण पितात. तुझ्या कॉलेजातल्या बाटलीतलं निळं पाणी गटागट प्यायली असतील, इथल्या पाण्यात पोत्यांनी मीठ असतं. ते कसं सोडवायचं ते तू बघ, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की त्या शुक्रवारी तू ज्या पाण्याला स्वच्छ म्हणणार आहेस, त्यानं माझी साडी खाल्ली. राक्कियण्णनचं कोवळं रोप ते ठेवेल का? रोप जळेल तेव्हा लोक तुझ्या बापाकडे बघणार नाहीत, तुझ्याकडे बघतील.

म्हणून आज याला समोर बसवलं आहे. इथवर आलो आणि यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "अम्मा, हे मी कसं लिहू?" मी म्हटलं, "जसं टाकलंस तसं. मूठ उघडायची आणि सोडायचं." त्यानं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, पहिल्या आठवड्याची बाटली त्यानं पाठवलीच नव्हती, तू होस्टेलवर एकटी रडशील म्हणून. वाटलं, एकदाच पिंपात मूठभर ब्लीचिंग पावडर टाकू. मग तुझं खुशीचं पत्र आलं आणि हात थांबेना. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं तर बापाचं तोंड पुन्हा बघितलं नसतंस. त्याच्या स्वतःच्या अक्षरात वाचलंस तर रागावशील आणि घरी येशील, असा माझा हिशेब आहे. शुक्रवारच्या आधी ये. प्रोफेसरांना तूच सांग, आणि जमलं तर त्यांनाही घेऊन ये, शेळीचं पिलू दाखवू. आता यानं हे सगळं लिहिलं की मधलं गाळलं, हे मला कळायचा मार्ग नाही. म्हणून पाकिटात चिंधीच्या दोन गाठी घातल्या आहेत. पाकीट मी स्वतः चिकटवणार, टपालात मीच टाकणार. एका गाठीत त्याच्या पिंपातली गोरी टरफलं आहेत, दुसरीत माझ्या पातेल्यातली. कागदानं काही लपवलं असेल तर गाठी सोडून बघ.

तुझीच संशयी,
अप्पत्ता

(अंगठ्यासाठी शाई मागितली नाही. पातेल्यातल्या पाण्यात अंगठा बुडवून उमटवला आहे, गुलाबीच उमटला.)

कयल, अम्मानं सांगितलं ते सगळं लिहिलं आहे. सुरुवातीचं एक वाक्य गाळलं होतं, लाज वाटली म्हणून. ते असं होतं: "तुझा बाप रोज कामावरून आला की आधी परसात जातो आणि तुझ्याशी बोलावं तसा त्या पिंपाशी बोलत बसतो."

— अप्पा