कॉफी शॉपातली पळापळ

चि. प्रतिक्षा हिला सप्रेम जयभीम.

तुझी आई गेल्यापासून तू फोनवर एकच सांगतेस, "बाबा, घरात बसून राहू नका, माणसांत जात जा." म्हणून गेलो. आपल्या वसमतला स्टँडामागं नवं कॉफी शॉप निघालंय, तिथं. सोबत मागच्या गल्लीतल्या पद्माबाई होत्या. रिटायर नर्स, यजमान वारलेले.

आमी आत पाय ठेवला अन् कॉलेजची पोरंपोरी तोंडं लपवून पटापट बाहेर पडायला लागली. एक पोरगं तर "नमस्कार सर" म्हणत माझ्या पाया पडून पळालं. मी जन्मभर एसटीत कंडक्टर!

कॉफी आली. वर फेसाचा बदाम काढलेला. तो मोडावा कसा, म्हणून दोघं नुसते बघत बसलो.

तेवढ्यात दुकानदार हात जोडून आला. "काका, राग मानू नका, पण इथं नका येत जाऊ. पोरांना वाटून राहिलं, कोणाचे तरी मायबाप शोधायला आले."

मी उठायलाच लागलो. पद्माबाईंनी माझी बाही धरली अन् त्याला म्हणाल्या, "बसा म्हणा पोरांना बिनघोर. ती ज्या कामाला येतात, आमी बी त्याच कामाला आलोत."

पोरी, जे विचारायचा मला धीर होत नव्हता, ते बाईंनी दुकानदाराला सांगून टाकलं!

हे पत्र लिहिलं खरं, पण मी पोस्टात टाकत न्हाई. त्या म्हणतात, "लेकीला असलं कागदावर कळवतात व्हय?" येत्या रविवारी आमी दोघं नांदेडला तुझ्याकडं येतोत. दार उघडशील तेव्हा आधी माझ्याकडं नको, त्यांच्याकडं बघावंस, एवढंच मनात हाय.

तुझा घाबरलेला बाप,
प्रेमानंद