दोन हँडलांचं मशीन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सकाळी स्टॅनी आला होता. एरवी बेकरीचं लाकूड न्यायला टेम्पोवाल्याला पाठवतो, आज स्वतः. ह्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलला, मग मला विहिरीपाशी गाठून म्हणाला, "वहिनी, लाकूड जाड येतंय हल्ली. भट्टीच्या तोंडात जात नाय. नाताळ आला, मला बारीक पायजे. सुधाकरभाऊला तू सांग, माझ्याच्याने नाय बोलवत."
माझ्याच्यानेही बोलवलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुद्दाम केळीआड उभी राहून बघितलं. ह्यांचा घाव हुकतोय. पूर्वी ओंडक्याच्या मधोमध बसायचा, आता कडेला उतरतो. एकदा तर कुऱ्हाड घसरून पायाजवळ मातीत रुतली. मी धावले. "दांडा सैल झालाय," म्हणाले. हे जेवायला गेल्यावर हलवून बघितला. घट्ट होता.
सव्वीस वर्षं नंदाखाल गावातल्या ह्या वाडीत हे लाकूड फोडतायत, मी रचतेय. पडलेली चिंच, वठलेला आंबा, सुरूचं झाड — कुठल्या लाकडाला कुठून घाव घालायचा हे ह्यांना नुसतं बघून कळतं. हात थरथरतो हे मला गणपतीपासून माहीत आहे. चहाची बशी वाजते. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं की "खांदा आहे, उतरेल." मग मीही बशीकडे बघत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लाकूड फोडायच्या मशीनचा विषय काढला. हाताचं नाव घेतलं नाही. म्हटलं, राजोडीच्या रिसॉर्टवाल्यांना डिसेंबरभर शेकोटीला लाकूड हवंय, शिवाय स्टॅनीचा नाताळ — एवढं कुऱ्हाडीने कसं होणार? वाटलं चिडतील. चिडले नाहीत. भाताचा घास ताटात परत ठेवला. मग, "बघून येऊ."

८ नोव्हेंबर
दुपारभर मोबाईलवर व्हिडिओ. मशीन दोन तऱ्हेचं. एकात लोखंडी शंकू स्क्रूसारखा फिरत राहतो, लाकूड हातात धरून त्याच्यावर दाबायचं. झटपट काम, पण तो व्हिडिओ मी अर्ध्यातच बंद केला. दुसरं हायड्रॉलिक, जरा हळू. दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर ढकलतो, माणसाने फक्त दोन हँडलं दोन हातांनी धरून ठेवायची. एक जरी सुटलं तरी मशीन थांबतं.
मला दुसरं हवं. हात हँडलांवर असले की पाचरीजवळ जाणारच नाहीत. पण हे ह्यांना सांगायचं कसं?

११ नोव्हेंबर, मंगळवार
वसई पूर्वेला उमंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. तो दोन्ही मशीनं बनवतो. ह्यांनी टेम्पोत आपला ओंडका घेतला होता — चिंचेचा, गाठीचा, नाठाळ. "दुकानदार आपल्या सरळ लाकडावर दाखवणार. माझं फोडून दाखव म्हणावं."
हे आधी शंकूकडेच गेले. उमंग म्हणाला, "भाऊ, एकदम फास्ट आहे, पण हात सांभाळायला लागतो." ह्यांनी ओंडका पुढे केला. शंकू गाठीत अडकला आणि ओंडक्याने असा हिसका दिला की तो ह्यांच्या हातातून सुटून फिरला. उमंगने बटण बंद केलं. कुणाला लागलं नाही. ह्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. गेले नाही. गेले असते तर उमंगलाही कळलं असतं.
मग हायड्रॉलिक. तेच लाकूड. पाचर गाठीवर थांबली, मोटर घोगरी झाली, वाटलं आता अडकणार — आणि कड् करून दोन फाका. मी पटकन म्हणून टाकलं, "हळू आहे, पण बारीक येतं. स्टॅनीला असंच लागतं ना?"
हे म्हणाले, "तुला आवडलं?"
"मला काय, चालवायचंय तुम्हाला."
"आवडलं का सांग."
म्हटलं, हो. उमंगला विचारलं, आमच्याकडे थ्री-फेज नाही. तो म्हणाला, घरच्या लायनीवर चालेल.
येताना टेम्पोत मनात म्हटलं, जमलं मला. हाताचा विषय न काढता हवं ते मशीन ठरलं.

१२ नोव्हेंबर
ऑर्डर दिली. हे एकटेच गेले, मला केळीचे घड उतरवून घ्यायचे होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
स्टॅनीला फोन करून सांगितलं, आठवडाभर थांब, बारीक देते. "देते" म्हटल्यावर मलाच हसू आलं. मशीन हे चालवणार, फुशारकी माझी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मशीन आलं. उमंगने बसवलं आणि मला पुढे बोलावलं. हँडलं बरोबर माझ्या कोपराच्या उंचीला. म्हटलं, अहो, ह्यांना वाकावं लागेल, थोडी वर घ्या.
"नाही वहिनी. भाऊंनी ऑर्डर देतानाच सांगितलंय — चालवणार ती आहे, तिच्या मापाने लाव."
मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक ओंडका आणून मशीनवर ठेवला आणि बाजूला झाले.
"गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय," म्हणाले. "तू चल बरोबर. मागच्या दोन वेळा एकटा गेलो, अर्धं कळलंच नाही."