पाहुणीला चहा नाही

हेल्नसे बेट,
४ मार्च १९९६

ती. थोराताईस,
धाकट्या इझबेलचा सा. न. वि. वि.

मदत-मंडळाची बाई घर पाहून गेली. आपल्या बेटावरच्या म्हाताऱ्या टोमिनाचं तुला ठाऊकच आहे. ती दोनदा पडल्याचं बाहेर फुटलं, तिला मोठ्या बेटावरच्या वृद्धाश्रमात नेलं, आणि ती परत आली ती शवपेटीतून. तेव्हाच मी ठरवलं होतं, की आपल्याकडे नाव ठेवायला जागा सोडायची नाही.

जेसी-ॲनने, म्हणजे मंडळाकडून माझ्याकडे दिवसातून तीन वेळा मदतीला येते तिने, दोन दिवस घर घासलं. शेजारच्या मेरेनने सातूच्या भाकऱ्या भाजून दिल्या. आईचे सोनेरी काठाचे कप निघाले. मी निळं जाकीट घालून चाकांच्या खुर्चीत ताठ बसले. भाकऱ्या कुणी केल्या असं बाईने विचारलं, तर घरच्याच आहेत म्हणाले. बेटावर कोण दुसरं काही म्हणेल? मुरंबा तिने दोनदा मागून घेतला. कधी पडता का, असंही विचारलं. छे, म्हणाले. या फेरीत इतकं टापटीप घर पाहिलं नाही, असं सांगून ती बोटीला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

मी बातम्या वाचून भरते त्या ‘बेटवार्ता’ची या महिन्याची कॅसेट पाठवते आहे. ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशा एकोणीस घरांत ती जाते, विसावं तुझं. ॲलेकभावोजींना सांग, मधला खोकला माझा नाही, खिडकीखालच्या मेंढीचा आहे.

तुझी,
इझबेल

ॲबर्डीन,
११ मार्च

चि. इझबेलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भावोजी हसले. मला हसू आलं नाही. जानेवारीत तू स्वयंपाकघराच्या फरशीवर चार तास पडून होतीस. त्यानंतरच तर दुपारी जेसी-ॲन येऊ लागली. ते कुणी सांगायचं? आई म्हणायची, की आपल्या दारातून कुणी रिकाम्या तोंडाने गेलं तर बेटावर सात वर्षं बोललं जातं. पण ही बाई जेवायला आली नव्हती गं. तुला काय जमत नाही, ते लिहून घ्यायला आली होती.

मला काळजी वाटते आहे. उलट टपाली कळव.

तुझी ताई,
थोरा

हेल्नसे,
२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

मंडळाचं पत्र आलं. ‘बाई स्वतः भाकऱ्या भाजतात, घर उत्तम ठेवतात, पडत नाहीत,’ असं लिहून माझी दुपारची मदत काढून घेतली आहे. गेल्या आठवड्यापासून जेसी-ॲन सकाळी आठला येते, ती थेट संध्याकाळी सहाला.

तू घाबरू नकोस. सूप ती थर्मासमध्ये ठेवून जाते. बाकीचंही मी जमवलं आहे. तक्रार केली तर ते पुन्हा येतील, जानेवारीचं निघेल, आणि मग आश्रमच. त्यापेक्षा हे बरं. तू येऊ नकोस, समुद्र खवळलेला आहे. नवी कॅसेट सोबत आहे.

लोभाची काळजी नाही, तो आहेच.
इझबेल

ॲबर्डीन,
१२ एप्रिल

चि. इझे,

कॅसेट ऐकली. दोन बातम्या वाचून तुझा आवाज बसला, तिसरी तू अर्ध्यावर सोडलीस. या वेळचा खोकला मेंढीचा नाही.

मी जेसी-ॲनला फोन केला. आधी ती आढेवेढे घेत होती, मग रडायलाच लागली. म्हणाली, की सकाळी ठेवलेला चहा संध्याकाळी तसाच सापडतो, सूपही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी शाळेच्या सहलीत आडोसा मिळणार नाही म्हणून तू आदल्या रात्रीपासून पाणी प्यायची नाहीस. तेच चाललं आहे ना? दहा तास संडासला न्यायला कुणी नाही, म्हणून तू पाणीच तोडलंस. डॉक्टर मागच्या आठवड्यात मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी येऊन गेले, तेही तू मला कळवलं नाहीस.

मी भ्यायले आहे, इझे. एका कपापायी तू जाशील याची मला आश्रमापेक्षा जास्त भीती वाटते.

मी मंडळाला फेरपाहणीसाठी लिहिलं आहे. तीच बाई बावीस तारखेला येईल. मीही त्या दिवशीच्या बोटीने येते. तोवर काहीही आवरायचं नाही. भाकरी नाही, कप नाहीत, निळं जाकीट नाही. मेरेनलाही बजाव.

रागावलेली,
थोरा

हेल्नसे,
६ मे

ती. थोराताईस,
सा. न. वि. वि.

वादळाने त्या दिवशी तुझी बोट सुटलीच नाही, आणि बाई मात्र आदल्या दिवशीच बेटावर येऊन राहिली होती. फोनवर सगळं धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

सकाळी मेरेन भाकऱ्या घेऊन दारात आली. मी तिला परत पाठवलं. अजून ती घुश्शात आहे. बाई आली तेव्हा सिंकमध्ये भांडी होती, खुर्चीवर कपडे होते, माझे केस पिंजारलेले होते. तिने विचारलं, चहा करून दाखवता का? किटली उचलली, ती हातातून सुटून सिंकमध्ये गेली.

मग बोलले. जानेवारीचे चार तास, भाकऱ्या मेरेनच्या होत्या ते, आणि पाणी का पीत नाही तेसुद्धा. परक्या बाईला ते सांगताना लाजेने मेले. टोमिनासारखं मला नेऊ नका, असंही म्हणाले. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, की टोमिनाच्या कागदावर शेवटपर्यंत ‘सर्व ठीक’ असंच होतं. तिला जास्त मदत हवी हे कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती घरी राहण्याच्या पलीकडे गेली होती.

गेल्या आठवड्यात निर्णयाचं पत्र आलं. दुपार परत मिळाली, आता अर्ध्या तासाऐवजी पूर्ण तास. नव्या कॅसेटवर पहिलीच बातमी मी हीच वाचली आहे: पाहणीच्या दिवशी एकोणीस घरांपैकी कुणीही भाकऱ्या भाजू नयेत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ती बाई दोन तास बसली, आणि आपल्या घरातून चहाच्या घोटाशिवाय गेली. आई असती तर तिने मला घरात घेतलं नसतं.

आज जेसी-ॲन दुपारी आली तोवर माझे तीन कप झाले होते, आईच्या सोनेरी काठाच्या कपातून.

तुझा लोभ असाच रागावत राहो.
इझबेल